खरा दाणा, खोटा दाणा : रवाळ व्यक्तिचित्रांची चिकित्सा

‘फोटो फुटतो’ हा आपल्याकडच्या स्टुडिओंमधला रोजचा शब्दप्रयोग आहे. घरातले कोणी गेले की ओळखपत्रावरचा नाहीतर लग्नाच्या ग्रुप फोटोतला चेहरा मोठा करून हवा असतो. तेव्हा फोटोग्राफर आधीच बजावतो, ‘‘दादा, एवढा मोठा केला तर फुटेल.’’ फुटेल म्हणजे गालाचा, कपाळाचा सलग करडा रंग सुटेल आणि त्याचे दाणे दिसू लागतील. मोबाइलवरचा फोटो ताणल्यावर जे चौकोन दिसतात त्यांनाही आपण हाच शब्द लावतो. पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत. मोबाइलचे चौकोन म्हणजे माहिती संपल्याची खूण. फिल्मचा दाणा हा मुळात चित्र ज्यापासून बनले ते द्रव्यच.

या दाण्यासाठी आपल्या बोलीत चांगला शब्द नाही असे नाही. तुपाला आपण ‘रवाळ’ म्हणतो आणि ते कौतुकाने म्हणतो, कारण रवाळपणा ही नीट कढवल्याची आणि सावकाश निवू दिल्याची खूण असते. फोटोच्या बाबतीत मात्र रवाळपणा दोष ठरला. असे असूनही शंभरहून अधिक वर्षे जगात आणि आपल्या मुंबईतही काही छायाचित्रकार व्यक्तिचित्रात हा रवाळपणा मुद्दाम आणत आले. आपला फोटो रंगवलेल्या चित्रासारखा दिसावा, ही त्यांची इच्छा. त्यातून काय साधते, कोणत्या अटीवर साधते आणि तो कोणाच्या चेहऱ्यावर आणला जातो, हे तीन प्रश्न या लेखात तपासायचे आहेत. मी कोणत्याही कलाशाळेत शिकलेलो नाही. नेवासा आणि आसपासच्या गावांतल्या जुन्या फ्रेमा, बंद पडलेल्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह आणि माझी स्वतःची डार्करूम एवढ्या सामग्रीवर हे लिहीत आहे.

१. दाणा कोठून येतो

आमच्या तालुक्यात सोनई आणि भेंडा येथे सहकारी साखर कारखाने आहेत. त्यामुळे दाणा म्हणजे काय हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पॅनमध्ये घट्ट होत आलेल्या पाकात साखरेचे अतिसूक्ष्म बी सोडतात आणि त्यावर दाणा वाढवत नेतात. किती वाढू द्यायचा हे पॅनमन ठरवतो. बारीक राहिला तर एस-३०, मोठा झाला तर एम-३०, अशी साखरेची प्रतच दाण्याच्या आकारावरून ठरते.

फिल्मचेही असेच आहे. जिलेटिनच्या कोमट द्रावणात सिल्व्हर ब्रोमाइडचे स्फटिक तयार करून त्यांना वाढू देतात. मोठ्या स्फटिकाच्या वाट्याला जास्त उजेड येतो. म्हणून मोठ्या दाण्याची फिल्म कमी उजेडात चालते आणि बारीक दाण्याच्या फिल्मला भरपूर उजेड लागतो. एक स्फटिक साध्या डोळ्याला कधीच दिसत नाही. तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याच्या आसपास असतो. डेव्हलपरमध्ये त्याची चांदी होते. असे अनेक कण जिलेटिनच्या जाडीत एकमेकांवर पडतात आणि त्यांचे पुंजके बनतात. प्रिंटवर आपल्याला दिसतो तो हा पुंजका.

इथे एक गंमत लक्षात घ्यावी. कृष्णधवल प्रिंटमध्ये जे काळे ठिपके दिसतात ते निगेटिव्हमधले कण नव्हेत. निगेटिव्हमधल्या कणांच्या फटींतून एन्लार्जरचा उजेड कागदावर पडतो आणि तिथे कागद काळा होतो. म्हणजे आपण ज्याला दाणा म्हणतो ती दोन दाण्यांमधली जागा असते.

दाणा मुद्दाम आणायचे मार्ग डार्करूममध्ये काम केलेल्यांना ठाऊक आहेत. ४०० किंवा त्याहून वेगवान फिल्म घ्यायची. चेहरा फ्रेमभर न घेता लांबून घ्यायचा आणि निगेटिव्हचा छोटा तुकडा मोठा करायचा. निगेटिव्ह दाट बनवायची. डेव्हलपर निवडायचा तो दाण्याच्या कडा न झिजवणारा. डी-२३ सारख्या डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फाइटचे प्रमाण मोठे असते. ते कणांच्या कडा थोड्या विरघळवते आणि चित्र मऊ करते. १८९१ पासून चालत आलेले रोडिनाल पातळ करून वापरले तर कडा जशाच्या तशा राहतात. शेवटी कागद कडक ग्रेडचा वापरला की दाणा आणखी उठतो. अमेरिकन छायाचित्रकार राल्फ गिब्सन यांनी ट्राय-एक्स फिल्म आणि रोडिनाल यांच्या जोडीवर, दाट निगेटिव्ह बनवून, आपली सबंध शैली उभी केली. १९६८-६९ मध्ये जपानात निघालेल्या ‘प्रोव्होक’ या अल्पायुषी नियतकालिकाने तर दाणा, हललेपणा आणि अस्पष्टता यांनाच आपली भाषा मानले.

पण तंत्र सांगितल्याने टीका होत नाही. मुख्य प्रश्न असा की यात ‘चित्रासारखे’ काय आहे?

२. आपल्या डोळ्याला चित्र म्हणजे गुळगुळीत

मराठी घराला चित्राची ओळख झाली ती छापील चित्रातून. १८९४ साली मुंबईत गिरगावात सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला राजा रविवर्म्यांचा छापखाना हा या ओळखीचा मोठा स्रोत. त्या छापील लक्ष्मी-सरस्वती आपल्याला तुकतुकीत वाटतात. पण भिंग लावून लक्ष्मीचा गाल पाहावा. तो गाल वेगवेगळ्या रंगांच्या बारीक ठिपक्यांनी भरलेला दिसतो. शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे आणि त्वचेची छटा दगडावर ठिपके देऊन साधली जाई. म्हणजे ज्या गुळगुळीतपणाला आपण चित्र समजलो तोही दाण्याचाच होता. दाणा लपेल इतका बारीक ठेवला होता एवढेच.

पुढच्या पिढीत रघुवीर मुळगावकर आले. दिवाळी अंकांच्या वाचकाला त्यांच्या मुखपृष्ठांची ओळख करून द्यायला नको. त्यांचे नाव आणि स्प्रेचे तंत्र ही जोडी मराठी मनात पक्की बसलेली आहे. स्प्रे म्हणजे तरी काय? रंगाचा धुरळा. कागदावर बसणारे असंख्य थेंब. तेही इतके बारीक की गालावर एक रेषसुद्धा दिसू नये. नेवाशाला हे विशेष जाणवते. ज्या महापुरुषामुळे हे गाव ओळखले जाते त्या ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये इथे ज्ञानेश्वरी सांगितली. त्यानंतर साडेपाचशे वर्षांनी छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला. तरी त्यांचा चेहरा आपण सर्वजण ‘ओळखतो’. तो चेहरा चित्रकारांनी दिलेला आहे. कॅलेंडरवरून घराघरांत पोहोचलेला तो तरुण, शांत आणि गुळगुळीत चेहरा पवित्रपणाचे आपले माप बनला.

स्टुडिओतल्या फोटोंनी हेच माप उचलले. जुन्या स्टुडिओत रिटचिंगचे टेबल असे. निगेटिव्हवर आधी एक चिकट द्रव पुसायचा, मग टोकदार पेन्सिलीने सुरकुत्यांच्या, देवीच्या व्रणांच्या जागी बारीक ठिपके भरायचे. माझ्याजवळ अशा काही काचेच्या आणि फिल्मच्या निगेटिव्ह आहेत. उजेडासमोर तिरप्या धरल्या की डोळ्यांखाली, नाकाच्या बाजूला पेन्सिलीची नक्षी चमकते. रिटचर चांदीचा दाणा झाकण्यासाठी शिशाचा दाणा पेरत होता. पुढे त्याच फोटोचे एन्लार्जमेंट होई, त्यावर रंग चढे, पागोट्याला लाल, साडीच्या काठाला पिवळा. आपल्या वाडवडिलांची भिंतीवरची चित्रे अशी तयार झाली. ती फोटो आहेत की चित्रे हा प्रश्न घरच्यांना कधी पडला नाही.

सांगायचे ते एवढेच, की आपल्याकडे चित्रासारख्या फोटोची परंपरा जुनी आहे. पण ती दाणा झाकण्याची परंपरा आहे. मुद्दाम दाणा आणणारा छायाचित्रकार या परंपरेच्या विरुद्ध जातो. त्याला गिऱ्हाइकाच्या नाराजीची तयारी ठेवावी लागते.

३. मुंबईचे चित्रसदृश छायाचित्रण

विरुद्ध जाणारे पहिले लोक मुंबईत भेटतात, पण ते लगेच दाण्यापाशी आले नाहीत. शापूर भेदवार हे पारशी छायाचित्रकार १८९० च्या दशकात लंडनच्या प्रदर्शनांत गाजले. ‘द फीस्ट ऑफ रोझेस’ ही त्यांची कृती प्रसिद्ध आहे. त्यांच्या छायाचित्रांतला चित्रपणा मांडणीतून आला आहे. पडदे, फुले, वेशभूषा, माना कलत्या ठेवून बसलेल्या स्त्रिया. चित्राचा विषय आणि रचना त्यांनी उचलली. चित्राचा पृष्ठभाग उचलण्याची त्यांना गरज वाटली नाही.

पृष्ठभागाकडे लक्ष गेले ते पुढे. १९३० च्या दशकात मुंबईत हौशी छायाचित्रकारांच्या संस्था उभ्या राहिल्या. ‘कॅमेरा पिक्टोरियलिस्ट्स ऑफ बॉम्बे’ हे त्यातले एक नाव, १९३७ ची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया हे दुसरे. त्या काळच्या जगभरच्या सलोन-प्रदर्शनांत दोन प्रक्रियांना मान होता. पहिली ब्रोमॉइल, जी १९०७ मध्ये प्रचारात आली. तयार प्रिंटमधली चांदी काढून टाकायची, कागद भिजवायचा, म्हणजे जिलेटिन कमी-जास्त फुगते. त्यावर तिरप्या कापलेल्या ब्रशने तेलकट शाई ठोकत जायची. जिथे जिलेटिन कमी फुगले तिथे शाई धरते. ब्रश जसा उडवावा तसा दाणा जाड किंवा बारीक उठतो. दुसरी प्रक्रिया कागदी निगेटिव्हची. फिल्मवरून कागदावर मोठी निगेटिव्ह करायची, तिच्या मागच्या बाजूने पेन्सिलीने काम करायचे आणि तिच्यावरून अंतिम प्रिंट काढायची. कागदाच्या तंतूंचा पोत आपोआप चित्रात उतरतो.

या दोन प्रक्रियांत एक मोठे स्वातंत्र्य होते, आणि आजच्या चर्चेत ते विसरले जाते. दाणा कुठे हवा आणि कुठे नको हे छायाचित्रकार हाताने ठरवू शकत होता. पार्श्वभूमीवर ब्रश जोरात, डोळ्यांवर हळू. चित्रकार जे करतो तेच. तो सगळीकडे सारखा रंग थापत नाही. शालीवर चार फटकारे मारतो आणि पापणीपाशी थांबतो.

४. रोलचा काळ : नाइलाज आणि निवड

३५ मिलिमीटरचा रोल आल्यावर हे स्वातंत्र्य गेले. आता दाणा सगळ्या निगेटिव्हभर सारखा पसरलेला. शिवाय निगेटिव्ह लहान. २४ बाय ३६ मिलिमीटरच्या फ्रेमवरून आठ बाय दहा इंचांचा प्रिंट काढायचा तर साडेआठ पटींच्या आसपास मोठे करावे लागते; तेच १२० च्या चौकोनी निगेटिव्हवरून साडेचार पटींच्या आसपास भागते. ज्यांच्या घरी साठ-सत्तरच्या दशकातले फोटो आहेत त्यांनी यशिकाचा चौकोनी फोटो आणि ३५ मिलिमीटरचा फोटो शेजारी ठेवून पाहावेत. फरक आपोआप कळेल.

आपल्याकडे आयातीवर निर्बंध होते. बाजारात पूर्व जर्मनीचा ओर्वो आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ हा माल असे. ओर्वोच्या एन.पी.-२७ ची गती ४०० एएसए. रंगमंचावरच्या उजेडाला तीही पुरत नसे. मग ४०० ची फिल्म १६०० धरून वापरायची आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. याला ‘पुश’ करणे म्हणतात. सावलीतला तपशील जातो, दाणा वाढतो, पण गायकाचा चेहरा हाती लागतो.

माझ्या मते मराठी माणसाने रवाळ व्यक्तिचित्राला पहिल्यांदा भिंतीवर जागा दिली ती इथे, शास्त्रीय संगीताच्या मैफलींच्या फोटोंत. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा. तिथल्या आणि इतर मैफलींतल्या गायक-वादकांची कृष्णधवल छायाचित्रे रसिकांनी जपली. सतीश पाकणीकर यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी कलावंतांचे चेहरे हाच आयुष्यभराचा विषय मानला आणि त्यांची प्रदर्शने, दिनदर्शिका लोकांनी प्रेमाने घरी नेल्या. मैफलीच्या फोटोतला दाणा लोकांना खटकला नाही. का? तिथे काळोख होता हे प्रेक्षकाला माहीत होते. तान घेताना मिटलेले डोळे, मागचा अंधार, तानपुऱ्याची एक कड. दाणा त्या अंधारातूनच आल्यासारखा वाटे. कारण दिसत असले की डोळा दाणा स्वीकारतो.

याच्या दुसऱ्या टोकाला गौतम राजाध्यक्ष. ‘चेहरे’ हे त्यांचे पुस्तक मराठी घरांत सन्मानाने ठेवलेले आढळते. त्यांच्या व्यक्तिचित्रांत उजेड मऊ, त्वचा उजळ, दाण्याला थारा नाही. काही समीक्षक याला केवळ ग्लॅमर म्हणून बाजूला सारतात. ते अन्यायाचे आहे. ते मुळगावकरांच्या परंपरेत उभे राहून, कॅमेऱ्याने, समोरच्या माणसाला त्याच्या सर्वात चांगल्या क्षणी पाहतात. रवाळ चित्राची बाजू घेताना गुळगुळीत चित्राला खोटे म्हणण्याची गरज नाही.

५. तीन प्रिंट आणि एक तीळ

हे सारे कागदावर मांडून पटत नाही, म्हणून मी एक साधी तुलना केली. बसवले ते एका साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या पॅनमनना. वय सत्तरीच्या पुढे. उत्तरेच्या खिडकीचा उजेड, मागे चुन्याची भिंत. इलफर्डची एचपी-५ प्लस, दोन रोल. पहिला डी-७६ मध्ये धुतला. त्यात चेहरा फ्रेममध्ये २४ मिलिमीटर उंच होता. दुसऱ्यात मी मागे सरलो, चेहरा ९ मिलिमीटर उरला, उजेड थोडा जास्त दिला आणि रोडिनाल वापरले. दोन्ही प्रिंटवर चेहरा १८ सेंटिमीटरचा केला. म्हणजे पहिला साडेसात पट मोठा, दुसरा वीस पट. तिसरा प्रिंट पहिल्याच निगेटिव्हचा. ती स्कॅन करून संगणकावर तयार मिळणारा ग्रेनचा परिणाम त्यावर चढवला.

पहिल्यात प्रत्येक सुरकुती मोजता येत होती. दुसऱ्यात सुरकुत्या एकमेकींत मिसळून गालाचा एकच करडा उतार झाला होता. भिंत आणि गाल यांचा पोत एक झाला होता. दोन हात लांबून पाहिले तर चेहरा भरीव, कोळशाने काढल्यासारखा. जवळ जावे तर नुसते दाणे. रंगवलेल्या चित्राचे हे मुख्य लक्षण आहे. त्याला पाहण्याची दोन अंतरे असतात. जवळून रंग दिसतो, लांबून माणूस. गुळगुळीत फोटोला एकच अंतर असते.

तिन्ही प्रिंट मी त्यांच्यापुढे ठेवले. आयुष्यभर काचेच्या पट्टीवर पाकाचा नमुना घेऊन, उजेडासमोर धरून दाणा पाहिलेला माणूस. त्यांनी तिसरा प्रिंट आधी बाजूला सारला. म्हणाले, ‘‘सर, ह्यो फॉल्स ग्रेन.’’ पॅनमध्ये पाक प्रमाणाबाहेर घट्ट झाला की मूळ दाणा वाढायचा सोडून मधल्या मधे नवा बारीक दाणा पडतो. कारखान्यात त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात. पाणी देऊन तो विरघळवावा लागतो. तिसऱ्या प्रिंटमध्ये सुरकुत्या सगळ्या जागेवर होत्या आणि त्यांच्यावरून दाण्याची चाळणी टाकली होती. दाणा आणि सुरकुती यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. खऱ्या फिल्ममध्ये सुरकुती दाण्याचीच बनलेली असते. दाणा मोठा झाला की सुरकुतीला बदलावेच लागते.

दुसरा प्रिंट त्यांनी बराच वेळ हातात धरला. मग म्हणाले, ‘‘हा बरा हाय. पण माझा तीळ कुठं गेला?’’ उजव्या भुवईच्या वर त्यांना एक छोटा तीळ आहे. वीस पटींत दाण्याने तो गिळला होता. घरी लावायला त्यांनी पहिला प्रिंट नेला.

माझ्या मते सबंध विषयाचा निवाडा या तिळात आहे. रंगकार तपशील गाळतो, पण निवडून गाळतो. त्याने शंभर सुरकुत्या सोडल्या असत्या आणि तीळ ठेवला असता, कारण तिळाशिवाय हा माणूस हा माणूस नाही. दाणा निवडत नाही. स्वतःपेक्षा लहान असलेले सगळे तो सरसकट पुसतो. ब्रोमॉइलवाल्याच्या हातात जो ब्रश होता तो रोलवाल्याच्या हातात नाही. म्हणून रोलवाल्याला निवड आधी करावी लागते, शटर दाबण्यापूर्वी. या चेहऱ्यातली सर्वात लहान पण टाळता न येणारी गोष्ट कोणती, हे त्याने पाहिले पाहिजे. तीळ, ओठावरचा व्रण, एका डोळ्याची अर्धवट पापणी, गोंदण. दाणा त्याहून लहान हवा. तेवढीच मर्यादा. त्या मर्यादेत राहिलेला दाणा चेहऱ्याला चित्र बनवतो. मर्यादा ओलांडली की चित्र उरते आणि माणूस जातो.

६. दाणा कोणाच्या वाट्याला

ही कसोटी हातात घेऊन आपल्या छायाचित्र-स्पर्धांचे व्यक्तिचित्र विभाग पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. जाड दाणा, कडक कागद, काळीभोर पार्श्वभूमी हा थाट ठराविक चेहऱ्यांनाच मिळतो. वारीतला म्हातारा, मेंढ्यांमागचा धनगर, ऊसतोडणीची बाई, चिलीम ओढणारा साधू. शहरातल्या तरुण मुलीचे व्यक्तिचित्र आले की दाणा गायब होतो आणि उजेड मऊ होतो. खडबडीतपणा गरिबाला, गुळगुळीतपणा सुखवस्तूला. कोणी ठरवून हे करत नसेल, पण वर्षानुवर्षे असेच घडत आले आहे.

याला प्रतिवाद असा केला जातो की कष्टाचा चेहरा मुळातच खडबडीत असतो, दाणा त्याच्याशी जुळतो. हे वरवर पटते. पण दाणा सुरकुत्या वाढवत नाही, मिसळवतो हे आपण पाहिले. स्पर्धेच्या चित्रात जी सुरकुती खोल दिसते ती आडव्या उजेडाने आणि कडक कागदाने खोदलेली असते; दाणा तिथे केवळ कोळशाच्या चित्राचा वास यावा म्हणून येतो. आणि अशा चित्रांची नावे पाहावीत. ‘प्रतीक्षा’, ‘अनुभव’, ‘कष्टकरी’. माणसाचे नाव नसते. नाव नसले की तीळ शोधण्याची गरज उरत नाही. चेहरा नमुना झाला की त्यातले काय पुसले हे विचारणारा कोणी राहत नाही, कारण तो प्रिंट त्या माणसाच्या घरी जाणारच नसतो.

म्हणून मी दुसरी कसोटी अशी सुचवतो. रवाळ व्यक्तिचित्र काढणाऱ्याने तोच दाणा, तोच उजेड, तोच कागद आपल्या घरातल्या माणसासाठी वापरून पाहावा. बायकोचा, मुलीचा, वडिलांचा फोटो तसा काढून दिवाणखान्यात लावायची तयारी असेल तर ती शैली आहे. तयारी नसेल तर तो दुसऱ्याच्या चेहऱ्यावर केलेला शृंगार आहे.

कसोटीला उतरणारी चित्रे नाहीत असे नाही. मैफलीची छायाचित्रे मला म्हणूनच आदर्श वाटतात. तिथे दाणा आहे आणि नावही आहे. किशोरी आमोणकर, भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर. कितीही अंधारात, कितीही रवाळ असोत, ती माणसे त्या माणसांसारखीच दिसतात. रसिकाला त्यांच्या चेहऱ्याची प्रत्येक लकब पाठ असते, त्यामुळे छायाचित्रकाराला काही हरवून चालत नाही. ओळखणारा प्रेक्षक हा दाण्यावरचा सर्वात मोठा अंकुश आहे.

७. आजचा प्रश्न

हा सगळा ऊहापोह जुन्या तंत्राचा वाटेल. पण याच वर्षी आपल्यापैकी अनेकांच्या घरात हा प्रश्न येऊन गेला असेल. आजी-आजोबांचा एकुलता एक फोटो, ग्रुपमधून मोठा केलेला, फुटलेला. तो आता मोबाइलवर टाकला की क्षणात ‘साफ’ होऊन मिळतो. पापणीचा केस न केस दिसतो, गाल तुकतुकीत होतो. घरचे हरखतात. पण त्या निगेटिव्हमध्ये पापणीचे केस कधी नव्हतेच. दोन दाण्यांच्या मधल्या जागेत काय असावे हे यंत्राने इतर लाखो चेहऱ्यांवरून ठरवले आणि भरले. रिटचर निदान आजीला समोर बसवून, नाहीतर तिच्या मुलाला विचारून, पेन्सिल चालवत होता. मुलगा म्हणे, ‘‘व्रण राहू द्या, तो आईचा होता.’’ यंत्राला असे सांगणारा कोणी नसतो. फुटलेल्या फोटोत जो चेहरा अस्पष्ट होता तो निदान तिचा होता. साफ झालेला चेहरा स्पष्ट आहे, पण कोणाचा ते सांगता येत नाही.

दुसरीकडे, तरुण छायाचित्रकारांत फिल्मची आवड परत आली आहे, आणि ज्यांना फिल्म परवडत नाही ते बटण दाबून दाणा चढवतात. म्हणजे एकाच फोनवर आजीच्या खऱ्या दाण्याला पुसायचे आणि नातीच्या गुळगुळीत फोटोवर खोटा दाणा टाकायचा, असा उलटा व्यवहार चालू आहे. दोन्हीकडे दाणा आणि चेहरा यांची फारकत झाली. पॅनमनच्या भाषेत सांगायचे तर दोन्ही फॉल्स ग्रेनचे प्रकार.

यावर उपाय अवघड नाहीत. साफ केलेला फोटो भिंतीवर लावायचा तर खुशाल लावावा. पण मूळ प्रिंट फेकू नये, त्याच फ्रेमच्या मागे पाकिटात ठेवावा आणि त्यावर नाव, अंदाजे साल, गाव पेन्सिलीने लिहावे. गावातला जुना स्टुडिओ बंद होत असेल तर निगेटिव्हचे डबे भंगारात जाण्याआधी मालकांशी बोलावे. त्यांत आपल्या गावाचे अर्धे चेहरे असतात. आणि जे आजही रोल भरून व्यक्तिचित्रे काढतात त्यांनी दाणा जरूर आणावा, मोठा आणावा, पण समोरच्या माणसाला आधी नीट पाहून. प्रिंट तयार झाला की एक प्रत त्या माणसाच्या घरी द्यावी. त्यात काय हरवले हे सर्वात आधी त्याच्या घरचेच सांगतील.